चौतीस अंशांचे भाऊजी

बायकोला काय भेट द्यावी, हा प्रश्न नागपूरनं फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे. मोगऱ्याचा गजरा आहे, संत्राबर्फी आहे, इतवारीत साड्यांची दुकानं आहेत. यांतलं काहीही भर मे महिन्यात दुपारी सीताबर्डीहून लक्ष्मीनगरला नेलं, तर गजरा थोडी मान टाकेल इतकंच. बर्फी बर्फीच राहते आणि साडीला तर काही म्हणजे काही होत नाही. इतकी सोय असताना जो माणूस बायकोला चॉकलेटच द्यायचं म्हणतो, तो वेगळ्याच वाणाचा असतो. आमचे भाऊजी त्या वाणाचे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात अभियंता होते, आता निवृत्त. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि पेनांच्या शेजारी सुईसारख्या टोकाचा एक थर्मामीटर. चष्मा ते रोज विसरतात. थर्मामीटर विसरल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. धरणातून सोडलेलं पाणी कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत, म्हणजे त्यांच्या भाषेत 'टेलला', पोचवायचं आणि वाटेत किती मुरलं, किती गळलं, किती चोरीला गेलं याचा हिशोब ठेवायचा, यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर पाणी सुटलं, टेल सुटला नाही. आता दुकानातल्या फ्रीजमधून निघालेलं चॉकलेट ताईच्या तोंडापर्यंत न गळता पोचवणं हे त्यांचं खातं आहे. "टेलला पोचलं पाहिजे," असं ते अजूनही म्हणतात. टेल म्हणजे आपण, हे ताईला ठाऊक आहे आणि तिनं त्याचं वाईट वाटून घेणं केव्हाच सोडलं आहे.

त्यांचा मंत्र एकच: चौतीस. कोकोआ बटर साधारण 34 अंशांना वितळतं. माणसाचं तोंड 37. "गंमत पाह्य," भाऊजी बोटं नाचवत सांगतात, "तीन अंशांचा खेळ आहे फक्त. हातात धरशील तर घट्ट, जिभेवर ठेवशील तर पाणी. जगात असा दुसरा पदार्थ दाखव मले." मग क्षणभर थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात. बाहेर नागपूर असतं. नागपूरला तोंड कोणतं आणि खिसा कोणता, यातला फरक कळत नाही. इथं फेब्रुवारीतच दुपारचा पारा 30 ओलांडतो, आणि दुधाचं चॉकलेट तर 28-30 लाच अंग टाकायला लागतं, कारण त्यात दुधाची स्निग्धता असते. म्हणून भाऊजी काळं चॉकलेट घेतात. ताईला ते कडू लागतं. पण भाऊजींच्या मते कडू लागणं ही सवयीची गोष्ट आहे आणि वितळणं ही विज्ञानाची.

चॉकलेट देण्याचे त्यांचे मुहूर्त दोन. एक 14 फेब्रुवारी आणि दुसरा लग्नाचा वाढदिवस, 27 मे. आपल्याकडे लग्नं वैशाख-ज्येष्ठात उरकायची पद्धत आणि विदर्भात 25 मेपासून नवतपा सुरू होतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात, आणि नऊ दिवस आभाळातून नुसती आग. भाऊजींच्या संसाराचा वर्धापनदिन हा असा बरोबर तव्यावर पडतो. त्यामुळे फेब्रुवारीला ते नुसती रंगीत तालीम मानतात.

व्हॅलेंटाइन दिवसाबद्दल त्यांच्या वयाच्या लोकांना जे आक्षेप असतात, ते त्यांना अजिबात नाहीत. परकी संस्कृती वगैरे काही नाही. त्यांचा आक्षेप हवामानाचा. "हा सण बर्मिंगहॅमच्या हवेचा आहे," ते म्हणतात. "तिकडे त्या रिचर्ड कॅडबरीनं 1860 च्या दशकात बदामाच्या आकाराच्या पेटीत चॉकलेट विकायला काढलं, तर त्याले काय जाते? फेब्रुवारीत पेटी अंगणात विसरला असता तरी काही बिघडलं नसतं." 9 फेब्रुवारीला कॉलेजची पोरं 'चॉकलेट डे' करतात, तेव्हा भाऊजी संध्याकाळी मुद्दाम फुटाळ्याच्या तलावाकडे फिरायला जातात आणि काळजीनं ग्रासून परत येतात. "मागच्या खिशात ठेवून राहिली पोरं! पँटच्या मागच्या खिशात! आणि त्याच्यावर बसून राहिली!" पोरं प्रेमात पडली आहेत याची त्यांना काळजी नाही, 37 अंशांवर बसली आहेत याची आहे.

या सगळ्याचं मूळ उटीत आहे. लग्नानंतर दोघं उटीला गेले होते. उटी थंड, त्यामुळे तिथं घरगुती चॉकलेटचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालतो. दुकानात लाद्या मांडलेल्या असतात, तोडून वजनावर देतात. नव्या नवऱ्यानं उत्साहानं किलोभर काजूवालं चॉकलेट घेतलं, कागदी पिशवीत भरलं आणि गाडीत बर्थच्या खुंटीला टांगलं. जूनचा पहिला आठवडा, मृग लागायचा होता. शयनयान डबा, खिडक्या उघड्या. बल्लारशहा आलं आणि विदर्भाचं ऊन डब्यात शिरलं. वरोऱ्याच्या आसपास पिशवीचा तळ काळपट झाला. हिंगणघाटला खालच्या बर्थवरच्या आजोबांनी आपल्या पांढऱ्या टोपीवर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि वर बघितलं. नागपूर स्टेशनावर उतरताना पिशवीत काजू तेवढे उरले होते. ताईनं ते रुमालावर वेचले आणि सासरी जाऊन सांगितलं, "उटीचे काजू आणलेत." नव्या सुनेच्या या प्रसंगावधानाचं सासरी पुष्कळ कौतुक झालं. भाऊजींनी मात्र तो पराभव मनावर घेतला तो घेतलाच.

एखादा माणूस पुढच्या वेळी चिक्की घेता. भाऊजींनी अभ्यास सुरू केला.

तो अभ्यास त्यांच्या बोलण्यात सतत डोकावतो. कोकोआ बटर गोठताना सहा तऱ्हांनी गोठतं, आणि त्यांतली पाचवी तऱ्हाच खरी: तिच्यामुळे चॉकलेटला चकाकी येते, तोडताना 'टक्' असा आवाज येतो आणि 34 पर्यंत ते दम धरतं. कारखान्यात ठरावीक अंशांपर्यंत तापवून, निववून, पुन्हा किंचित तापवून ही पाचवी तऱ्हाच जमवून आणतात. एकदा का ते घरात वितळलं आणि आपलं आपण पुन्हा गोठलं, की बाकीच्या तऱ्हा घुसतात, चकाकी जाते, वर पांढुरका थर येतो. "पाचव्याला कोणी विचारत नाही, पण घर त्याच्यावर उभं असते," असं ते यावर म्हणतात. भाऊजी पाच भावांत पाचवे आहेत, हे इथं सांगितलेलं बरं.

त्या पांढऱ्या थरावर त्यांचं ताईशी एकमत नाही. तो खाल्ल्यानं काही होत नाही, हे भाऊजींनाही माहीत आहे. तरी तसलं चॉकलेट दिसलं की ते घरात कोणी आजारी असल्यासारखा आवाज काढतात. ताई बोटानं थर पुसते आणि तुकडा तोंडात टाकते. "मला तर तशीच लागते बाई चव." भाऊजी त्या दिवशी जेवताना बोलत नाहीत.

खरेदीचा दिवस हा बघण्यासारखा असतो. भाऊजी दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटं शटरसमोर उभे असतात. किराणा दुकानात चॉकलेटच्या कंपन्यांनी दिलेला काचेच्या दाराचा छोटा फ्रीज असतो. बरेच दुकानदार वीज वाचवायला तो रात्री बंद करतात. म्हणजे चॉकलेट रोज रात्री वितळणार आणि रोज सकाळी गोठणार. भाऊजींचं म्हणणं असं, की शटर वर जाताना आतला दिवा चालू दिसला पाहिजे. दुकानदाराचा हात आधी बटणाकडे गेला, की भाऊजी "चलतो" म्हणून पुढच्या दुकानाकडे. दिवा चालू असला तर मग आत शिरून पाहणी. फ्रीजमध्ये दह्याच्या पिशव्या आणि पनीर किती कोंबलंय, दार दिवसातून किती वेळा उघडतं, वडी कोणत्या खणातली. वेष्टणावरून अंगठ्यानं वडीच्या कडा चाचपायच्या: चौकोनांमधल्या रेघा बोटाला लागल्या पाहिजेत. बोथट लागल्या, तर ही वडी एकदा जाऊन आलेली आहे. आणि मग त्यांचं दुसरं पालुपद, "लेबल वाच, लेबल." चष्मा विसरलेला असतो, म्हणून लेबल शेजारच्या गिऱ्हाईकाला वाचायला लागतं. दूध घ्यायला आलेल्या एका आजीबाईंनी अशी तीन लेबलं मोठ्यानं वाचून दाखवली आणि शेवटी विचारलं, "नातवासाठी का हो?" भाऊजी म्हणाले, "नाही, बायकोसाठी." आजीबाईंनी दुधाची पिशवी उचलली आणि हसत हसत गेल्या.

लेबलात ते शोधतात एकच शब्द: व्हेजिटेबल फॅट. तो दिसला, की कंपाउंड! कंपाउंडमध्ये कोकोआ बटर काढून त्याच्या जागी दुसरं वनस्पतीजन्य स्निग्ध घालतात. ते स्वस्त पडतं, त्याला तापवण्या-निववण्याचे लाड लागत नाहीत आणि ते उन्हातही बरंच टिकतं. शेजारच्या काकू उन्हाळी वर्गात 'चॉकलेट मेकिंग' शिकून आल्या, तेव्हापासून कंपाउंडच्या लाद्या आणून, वितळवून, साच्यात ओतून, रंगीत चांदीत गुंडाळून विकतात. धंदा छान चालतो. एकदा त्या भाऊजींना म्हणाल्या, "माझं चॉकलेट मे महिन्यातसुद्धा वितळत नाही हं!"

"हो ना," भाऊजी म्हणाले, "तोंडातही नाही वितळत."

काकूंनी दिवाळीचा फराळ पाठवला नाही. ताईनं स्वतः अनारसे घेऊन जाऊन तह केला. पण भाऊजी हटायला तयार नाहीत. न वितळणारं चॉकलेट ही त्यांच्या दृष्टीनं नीतीची बाब आहे आणि त्यावर त्यांच्याकडे इतिहासातला दाखला आहे. 1937 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या पॉल लोगन नावाच्या कॅप्टननं हर्शी कंपनीकडून सैनिकांसाठी एक वडी करून घेतली. अटी अशा: वजन चार औंस, ताकद भरपूर, उन्हात टिकली पाहिजे आणि चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा किंचित बरी असावी, जास्त नको, नाहीतर सैनिक आणीबाणीच्या आधीच खाऊन टाकतील. पुढे 1943 मध्ये उष्ण प्रदेशांसाठी सुधारलेली वडी निघाली. 120 फॅरेनहाइटमध्ये तासभर तग धरणारी, म्हणजे जवळजवळ 49 सेल्सिअस. "आणि आपला रेकॉर्ड किती?" भाऊजी विचारतात आणि स्वतःच सांगतात, "23 मे 2013, 47.9. म्हणजे ती वडी नागपुरात टिकली असती. टिकली असती, पण खाल्ली कोणी असती? बायकोले काय उकडलेला बटाटा देऊ?"

या प्रश्नाला ताईनं एकदा उत्तर दिलं होतं. "द्या की. मीठ-मिरपूड लावून द्या. भाजी तरी सुटेल एका वेळची."

तापमान हा भाऊजींचा इतका घरचा विषय, की 2024 च्या मे अखेरीला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली आणि हवामान खात्यानं ती यंत्राच्या बिघाडामुळे झाल्याचं सांगितलं, तेव्हा सगळं गाव हसत असताना भाऊजी एकटे गंभीर होते. "यंत्र बिघडलं असेल," ते म्हणाले, "पण त्याच्या मनात काही तरी असल्याशिवाय बिघडलं नसेल."

बरं, चॉकलेट आणलं. पुढे ते ठेवायचं कुठं? इथून ताईचा वनवास सुरू होतो. भाऊजींना हवेत 15 ते 18 अंश. फ्रीज त्याहून थंड, घर त्याहून कितीतरी गरम. शेवटी तडजोड म्हणून खालचा भाजीचा ट्रे. तो फ्रीजमधला सर्वांत कमी गार भाग, म्हणून कोथिंबीर, वांगी आणि आंबाडीची जुडी बाहेर. चॉकलेट आधी चांदीत, मग दोन पिशव्यांत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात. कारण ते शेजाऱ्याचा वास चटकन घेतं आणि ताईच्या फ्रीजमध्ये लसणाची चटणी कायम असते. एका वाढदिवसाला डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. ते चॉकलेट आम्ही सगळ्यांनी चवीनं खाल्लं. भाचीचं मत पडलं, की भाकरीबरोबर चांगलं लागेल.

कूलर हा तर चॉकलेटचा वैरी. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती ओलसर गार हवा आपल्याला स्वर्ग वाटते, पण गार चॉकलेटवर तिचं दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि सुकल्यावर वर खरखरीत पांढरा थर. म्हणून चॉकलेट उघडायच्या वेळी कूलर बंद. नवतपातला लग्नाचा वाढदिवस आणि कूलर बंद! वर फ्रीजमधून काढल्यावर डबा तसाच झाकलेला राहू द्यायचा, आतलं बाहेरचं एक झालं की मगच उघडायचा, नाहीतर पुन्हा दव. तेवढा वेळ घरातली माणसं घाम पुसत एका डब्याकडे बघत बसतात. पाहुणे आलेले असले तर त्यांना वाटतं, आत नाग आहे.

फ्रीजवर विसंबायला नको म्हणून त्यांनी माठाचाही प्रयोग केला. मोठ्या माठात छोटा माठ, मधे ओली वाळू, आत स्टीलचा डबा, वर ओलं गोणपाट. नागपूरची हवा कोरडी ठणठणीत. ती पाणी पिते आणि पिता पिता माठाची उष्णता घेऊन जाते. बाहेर 44 असताना डब्यात 27. भाऊजींचा ऊर भरून आला. पुढे ते डोंबिवलीला माझ्याकडे आले ते दोन माठ गाडीत घालून. माझ्या बाल्कनीत त्यांनी तोच थाट मांडला. मुंबईकडच्या दमट हवेत गोणपाट सकाळी जितकं ओलं, तितकंच संध्याकाळी ओलं. थर्मामीटर बाहेर 33, आत 31. भाऊजींनी हवेत हात फिरवला, बोटं चोळून बघितली. "तुमची हवा तहानलेलीच नाही रे," ते म्हणाले. इतक्या हळहळीनं मुंबईबद्दल कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मधल्या काळात भाचीनं त्यांना फोनवरून मागवायला शिकवलं. थर्माकोलची पेटी, आत जेलचं बर्फाळ पाकीट, मधोमध चॉकलेट, अशी ती येते. भाऊजींना व्यवस्था पटली. पोचवण्याची वेळ पटली नाही. पोरगा येतो दुपारी दोनला, चेहऱ्याला दुपट्टा बांधून, डोळे तेवढे उघडे. भाऊजी त्याला आधी घरात घेतात, पन्हं देतात, पंख्याखाली बसवतात आणि मग विचारतात, "पेटी गाडीवर पुढे ठेवली होती का मागे?" पन्ह्याच्या भिडेखातर पोरं खरं सांगतात. जेलची पाकिटं भाऊजी टाकून देत नाहीत. आता बर्फाचा कप्पा त्यांनीच भरलेला आहे. मटारला जागा नाही. ताईनं त्यातल्या त्यात उपयोग शोधला. तिचा गुडघा दुखतो, तेव्हा ती एक पाकीट काढून गुडघ्यावर ठेवते. भाऊजींनी दिलेल्या भेटींपैकी रोज वापरात असलेली ही एकच.

मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊजी, इथं जवळच रामटेक. यक्षानं काय नुसता निरोप पाठवला ढगाबरोबर. तुम्हीपण एखादी चिठ्ठी द्या की ताईला."

भाऊजी विचारात पडले. "यक्ष हुशार होता," ते म्हणाले. "आषाढ लागेपर्यंत थांबला तो. मे महिन्यात काही पाठवायच्या भानगडीत पडला नाही."

चिठ्ठीची कल्पना मात्र तिथंच मुरली. हा भाऊजींचा खरा स्वभाव. सोपी वस्तू द्यायला त्यांचे हात धजत नाहीत. गजरा? "त्यात काय, कोणीही आणेल." साडी? "ती दुकानदारानं निवडलेली असते." गोड शब्द? त्यांना तर तापमानच नसतं, मग ते खराब झाले की नाही हे कळायचं कसं? या वाणाची माणसं घराघरांत आहेत. कोणी रत्नागिरीहून पेटी आणून आंब्यांना रात्री दोनदा उठून कूस बदलायला लावतो, कोणी बायकोच्या चहासाठी आलं स्वतः किसतो आणि त्यावर व्याख्यान देतो. यांना वस्तूपेक्षा तिच्या वाटेत जास्त रस. वाट जितकी बिकट, तितकी भेट मोठी. आणि भेट घेणाऱ्या बायका? त्यांना वस्तू तर लागते कडू, पण हा माणूस आठवडाभर आपल्यापायी घामाघूम होऊन धावतोय, हे बघायला मिळतं. ताईनं एवढ्या वर्षांत एकदाही "पुरे आता" म्हटलेलं नाही. तक्रारी पुष्कळ करते; पण वीस तारीख उलटली की भाजीचा ट्रे न सांगता रिकामा झालेला असतो.

आता मुख्य सोहळा. दिवसभरात नागपूर सर्वांत कमी तापलेलं असतं ते पहाटे. म्हणून 27 मेला भेट देण्याची वेळ साडेपाच. पाचला भाऊजी डबा बाहेर काढतात, ओट्यावर ठेवतात, कूलर बंद करतात. कूलर बंद झाला की ताईला जाग येते. गजराची गरज नाही. साडेपाचला ते डबा उघडतात, वडीत थर्मामीटर खुपसतात (ताईला मिळालेल्या प्रत्येक चॉकलेटला मधोमध भोक असतं) आणि दाराशी येऊन हाक देतात, "बावीस! बावीस झालं! ऊठ, ऊठ!"

"अहो, दात तर घासू द्या."

"पेस्टनं चव जाते जिभेची. आत्ता खा. पाच मिनिटांत पंचवीस होऊन राहिलं."

ताई केस बांधत, डोळे चोळत येते. भाऊजी तुकडा तोडतात. 'टक्' आवाज आला की त्यांचा चेहरा उजळतो. तो आवाज हीच त्यांची शुभेच्छा. तिच्यापुढे तोंडानं काही बोलायची त्यांना गरज वाटत नाही. ताई तुकडा जिभेवर ठेवते. भाऊजी तिच्या तोंडाकडे बघत उभे. "वितळलं?" ती मान हलवते. "पूर्ण?" ती पुन्हा मान हलवते. "टेलला पोचलं," भाऊजी म्हणतात, डायरीत नोंद करतात आणि झोपायला जातात. ताई चूळ भरून चहाला आधण ठेवते. असा त्यांचा लग्नाचा वाढदिवस सहाच्या आत संपतो.

एका उन्हाळ्यात भाचीनं घरी सांगितलं, की तिचं ठरलंय. मुलगा पुण्याचा. तो भेटायला येणार मे महिन्यात, आणि येताना आईसाठी चॉकलेट आणणार. हे कळल्यावर भाऊजींनी मुलाचं शिक्षण, पगार, गोत्र यांतलं काहीही विचारलं नाही. "कसं आणून राहिला तो?" एवढंच विचारलं. भाची घाबरली. तिनं मुलाला फोन करून सांगितलं, की वाटल्यास पेढे आण. तो म्हणाला, बघतो.

मुलगा आला. दुपारी बारा वाजता, घामानं चिंब. पाया पडला. खांद्यावर निळी पिशवी, आतून चंदेरी. भाऊजींनी पिशवीकडे बघितलं. त्यानं पिशवीतून डबा काढला, टीपॉयवर ठेवला आणि न उघडता हात मागे घेतला.

ताई भिडेनं म्हणाली, "उघडा ना, बघू तरी."

"नको आई," मुलगा म्हणाला, "वीस मिनिटं राहू दे. दव धरेल." मग इकडेतिकडे बघून संकोचानं पुढे म्हणाला, "तो कूलर जरा बंद केला तर चालेल का?"

खोलीत कोणी बोलेना. भाऊजी उठले. स्वतःच्या हातानं कूलर बंद केला, येऊन मुलाशेजारी बसले आणि खिशातला थर्मामीटर काढून त्याच्या हातात दिला. लग्न तिथंच ठरलं. बाकीची बोलणी नंतर उरकली. ताई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "एक होता, आता दोन झाले रे." पण पुऱ्या लाटताना ती गुणगुणत होती.

लग्न झालं. मुहूर्त अर्थातच वैशाखातला. यंदा त्यांचा पहिला वाढदिवस होता आणि त्या दिवशी मी नागपुरात होतो. पहाटे ताईचा फोन वाजला. पलीकडून भाची, आवाज झोपेनं जड आणि रडवेला.

"आई, यानं मला साडेपाचला उठवलंय. पंखासुद्धा बंद केलाय. हातात चॉकलेट घेऊन उभा आहे, आणि दात घासू देत नाहीये. काय करू मी?"

ताई पलंगावर उठून बसली. अनुभवी बाईच्या ठाम आवाजात म्हणाली, "वाद घालू नकोस. आधी खा. दात मग घास."